त्या आजाराचं नाव

आठ वर्षं लमीस या एकाच गिऱ्हाइकाची वाट बघत होती. आज अबू सिनान स्वतःच्या पायांनी जॉर्डनमधल्या इर्बिदच्या विमा कचेरीत, तिच्या काचेच्या खिडकीसमोर आले. तिचे सख्खे काका. मुलाकडे कॅनडाला कायमचे निघाले होते.

"तिकडच्या आजारपणासाठी स्वस्तातली पॉलिसी दे, पोरी."

"आधीचे आजार, काका?"

"काही नाही म्हणून लिही. ठणठणीत आहे मी."

छातीत दोन स्टेंट घातलेला ठणठणीत माणूस! लमीसला हसूच आलं.

आठ वर्षांपूर्वी तिची आई वदाद अशीच परदेशी, आपल्या भावाकडे निघाली होती. गाठ सापडलेली होती. पण अर्ज भरायला घरातले वडीलधारे म्हणून हेच काका बसले. त्यांच्याकडे त्या आजाराचं नाव कोणी घेत नाही. नुसतं 'तो आजार' म्हणतात. त्यातून काकांच्या मुलींची लग्नं ठरायची होती. त्यांनी 'काही नाही' असं लिहिलं. लमीसनं तेव्हा हटकलं, तर म्हणाले, "अल्लाह बघून घेईल. असलं कधी लिहितात का?" तिकडे कंपनीनं जुने रिपोर्ट खणून काढले आणि हात झटकले. आई अर्धे उपचार टाकून परत आली आणि गेली. मयतीला आलेल्यांनाही काकांनी हृदयविकारच सांगितला.

लमीसनं लिहिलं, 'काही नाही.' भोगा आता, ती मनात म्हणाली.

काकांनी सहीसाठी पेन उचललं. "पण तिकडे काही झालंच, तर पैसे देतील ना गं?"

"अल्लाह बघून घेईल, काका. असलं कधी लिहितात का?"

पेन थांबलं. काकांचा चेहरा खर्रकन उतरला.

"स्टेंटचं लिही, लमीस," ते हळूच म्हणाले.

"लिहिते. आधी सांगा, माझी आई कशानं गेली?"

"इथे, चारचौघांत? लाज आहे का काही?"

"मग करा सही. तुमची मर्जी."

रांगेतल्या माणसांनी कान टवकारले. काकांनी जपमाळ मुठीत आवळली.

"कॅन्सरनं."

"मोठ्यानं, काका. काचेतून ऐकू येत नाही."

"कॅन्सरनं गेली! माझ्यामुळे गेली! झालं समाधान?"

"नाही," लमीस म्हणाली. तिनं तो अर्ज टराटरा फाडला आणि नवा पुढे ओढला. "पहिला स्टेंट कधी घातला?"