दोन ठिकाणी उभी राहिलेली जाऊ

माझ्या धाकट्या जावेला सगळं येतं, फक्त सांगितलेलं ऐकता येत नाही. फोटो होईपर्यंत कुणी जागा सोडायची नाही, असं मी सगळ्यांना बजावलं होतं. बाकीचे नऊ जण खांबासारखे उभे राहिले. ही मात्र सटकली. जित्याची खोड, दुसरं काय!

आमचा पुस्तकं बांधायचा कारखाना. दुसऱ्यांची पुस्तकं शिवण्यात जन्म गेला, वाचली मोजून दोन. एकच लांबलचक खोली आणि तिच्यात या टोकापासून त्या टोकापर्यंत एकच टेबल. कटिंग मशीनजवळ मी, दाराजवळ जाऊ. मध्ये कामगार, आणि अकरा वर्षांचा अबोला. एका गिऱ्हाईकासमोर ती माझ्या हातशिलाईला सैल म्हणाली होती. तेव्हापासून "तिला सांगा, खळ संपली" आणि "त्यांना सांगा, मला डोळे आहेत" एवढ्यावर आमचा संसार चालला होता.

आता इमारत पाडणार म्हणून खोली सोडायची होती. नवी जागा मीच ठरवली. जाऊ तिथं येणार, की आपली दाभणं घेऊन वेगळी होणार, ते तिनं सांगितलं नाही. आणि मी विचारणार? एरवी माझ्या तोंडाला कुलूप नसतं, पण त्या एका प्रश्नाला ते उघडेना.

आवराआवरीच्या दिवशी सून म्हणाली, "आई, सगळी खोली एका फोटोत घेते." एवढी लांब खोली एका फोटोत मावते कुठली! तिनं समोर मधोमध स्टँड रोवला आणि कॅमेरा दारापासून माझ्यापर्यंत थोडा थोडा वळवत सहा फोटो काढले. प्रत्येकात आधीच्या फोटोचा काही भाग पुन्हा घेतलेला. शेवटचा फोटो झाला न झाला, तोच माणसांनी रॅक खोलायला घेतले. पुन्हा काढू म्हणायची सोय राहिली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती घरी कॉम्प्युटरवर ते सहा फोटो जोडायला बसली.

"हे सॉफ्टवेअर कुणाचं गं?"

"कुणा एकाचं नाही, आई. ठिकठिकाणच्या लोकांनी मिळून लिहिलंय. फुकट वापरा, पटलं नाही तर आत हात घालून दुरुस्त करा."

"मग सासूही दुरुस्त होते का बघ त्यात."

"इतकंही पुढारलेलं नाही ते."

ते यंत्र शेजारच्या दोन फोटोंत सारख्या दिसणाऱ्या खुणा शोधतं आणि खुणेवर खूण बसवून फोटो जोडतं. पण आमचं टेबल मधेच मोडल्यासारखं वर उचललं गेलं. सून डोकं खाजवत बसली. मी चष्मा लावला. टेबलावर एकाच निळ्या पुस्तकाचे गठ्ठे होते, झाकावा एक नि काढावा दुसरा. यंत्र तिथंच फसलं होतं. एका गठ्ठ्याची खूण त्यानं भलत्याच गठ्ठ्याला लावली होती.

"हे दोन एक नव्हेत. हा माझा, तो तिचा."

"कशावरून?"

"तिचा ताठ उभा आहे. माझा थोडा कललाय."

सून शहाणी आहे. चुकलेल्या खुणा पुसून मी बोट ठेवलं तिथं तिनं नव्या लावल्या. टेबल सरळ झालं.

आणि मग दिसलं. दाराजवळ जाऊ, आणि माझ्या खुर्चीमागे पुन्हा जाऊ!

"काकू दोनदा आल्यात," सून हसत सुटली. "पहिला फोटो झाल्यावर माझ्या पाठीमागून चालत तुमच्याकडे आल्या असणार. एकीला काढावं लागेल. नको असेल तिच्यावर लाल रंग फासायचा, म्हणजे तेवढा भाग गळतो. तिथली मोकळी जागा शेजारच्या फोटोतून येते. दाराजवळच्या छान दिसतात, त्या ठेवू?"

छान दिसत होतीच. तोंडावर उजेड, मान सरळ. माझ्यामागची अर्धी सावलीत, केस विस्कटलेले. पण तिची बोटं माझ्या खुर्चीच्या पाठीवर होती, शिवताना कागद सुटू नयेत म्हणून धरतो तशी आवळलेली. मी समोर बघत बसले होते, मला पत्ताच नाही.

"तो माऊस दे इकडे."

दाराजवळची जाऊ मी माझ्या हातानं लाल केली. रंग बाहेर गेला, दाराची चौकटही गळाली. ती सुनेनं सावरून घेतली.

मी तशीच उठून जुन्या खोलीवर गेले. खाली टेम्पो भरत होता. वर जाऊ एकटीच जमिनीवर बसून दाभणं नि दोरे डब्यात घालत होती. मला बघून तिनं सवयीनं आजूबाजूला पाहिलं, मी कुणाकरवी निरोप देणार ते शोधायला. कुणीच नव्हतं.

"तुझ्यापेक्षा तुझ्या पायांना अक्कल जास्त," मी म्हणाले. "नव्या जागेतलं टेबल आखूड आहे, दोघींनी एकाच बाजूला बसायचं. ऊठ, तो डबा माझ्या सामानात ठेव."