लोखंड्याचा थेंब

सलूनवाला देवाबिवाच्या भानगडीत पडत नसे. त्याला पवित्र होता तो लोखंड्या, लहानपणीच्या कॉमिकमधला हिरो. छाती कपाटाएवढी, अक्कल बेताची. दर अंकात कुणाला तरी बदडायचा आणि वर भाषण ठोकायचा. पण एका अंकाच्या शेवटच्या पानावर तो कोसळलेल्या पुलावर उभा होता, हातात मेलेल्या दोस्ताचं हेल्मेट आणि गालावर एक निळसर थेंब. अश्रू!

त्या थेंबावर सलूनवाल्याचा अख्खा जन्म उभा होता. बाप गेला तेव्हा काका-मामा दात आवळून "पुरुषासारखा राहा" म्हणत बसले होते. हा पठ्ठ्या चारचौघांत हंबरडा फोडून रडला. लोखंड्या रडतो, मग तुम्ही कोण टिकोजीराव? पुढे गिऱ्हाइकं खुर्चीत बसून बायको सोडून गेल्याचं सांगायची, तेव्हा हा गळ्यावरचा वस्तरा बाजूला घ्यायचा आणि म्हणायचा, "रडा साहेब, बिनधास्त. लोखंड्या रडला होता."

आता तेच चित्र त्याला दुकानाच्या शटरवर हवं होतं. पेंटर शिडी घेऊन आला आणि ते जुनं पान उलटंसुलटं करून तोंड वाकडं करू लागला.

"मालक, ह्याची पार चाळण झालीये. नेटवर बघा, स्वच्छ चित्र सापडेल."

सापडलंही. लोखंड्याच्या चाहत्यांच्या ग्रुपवर चित्रकाराच्या मुलीनं वडिलांनी हाताने काढलेलं मूळ चित्रच टाकलं होतं. ब्रशचे फटकारे, अर्धवट खोडलेली पेन्सिल, चुकलेल्या रेघेवर पांढऱ्या रंगाची मलमपट्टी. सलूनवाल्याचा ऊर भरून आला. त्यानं बोटांनी चेहरा मोठा केला, मग गाल मोठा केला, आणखी मोठा केला.

गाल कोरडा ठणठणीत.

त्यानं तिथल्या तिथे लिहिलं, "बाई, वडिलांचा अश्रू पुसताना लाज नाही वाटली?"

उत्तर आलं, "दादा, बाबांनी अश्रू काढलाच नव्हता. हिरो रडला असता तर प्रकाशकानं त्यांना हाकललं असतं."

मग बाकीचे तुटून पडले. आयुष्यात सरळ रेघ न ओढलेले सगळे कलेचे जावई! एकानं लिहिलं, "काका, तुमच्या अंकावर पाल मुतली असेल."

सलूनवाल्यानं तणतणत ताईला फोन लावला. "ताई, तू वाचला होतास ना तो पुलाचा अंक? लोखंड्या रडत होता की नाही?"

पलीकडून खिंकाळल्यासारखं हसू. "अरे गाढवा, तो अश्रू नाही. शेंबूड आहे तो!"

"काय?"

"मीच काढला, निळ्या पेनानं. तू अंकाला हात लावू देत नव्हतास. म्हटलं थांब, तुझ्या हिरोला तुझ्यासारखा करते. तुझं नाक बारा महिने गळायचं, गल्लीभर शेंबड्या म्हणायचे तुला. नाकाखालीच काढत होते रे, तेवढ्यात तू आलास. दचकले आणि पेन गालावर गेलं."

सलूनवाला गिऱ्हाइकाच्या खुर्चीत मटकन बसला. आरशात त्याचंच थोबाड. "म्हणजे बाप गेला तेव्हा मी तुझ्या शेंबडाच्या भरवशावर रडलो?"

ताईचं हसू थांबलं. "मामानं मला चहा करायला आत पिटाळलं होतं. म्हणे, पाहुण्यांकडे बघ. तू भोकाड पसरलंस आणि मी गॅस बंद करून बाहेर आले. नाहीतर मी अजून चहाच गाळत बसले असते." मग लगेच, "पण म्हणून शेंबडाचा अश्रू होत नाही हं!"

सलूनवाल्याचे डोळे भरले. पाठोपाठ नाकही गळू लागलं. त्यानं गिऱ्हाइकाच्या टॉवेलनंच ते पुसलं.

"मालक," शिडीवरून पेंटर ओरडला, "ऊन चढतंय. थेंब काढू की नको? नेटवरच्यात नाहीये."

"काढ. गालावर एक काढ आणि नाकाखाली एक."

"नाकाखाली? हिरोच्या?"

"माझ्या खुर्चीत इतकी माणसं रडली, एकाचंही नाक कोरडं नव्हतं. त्या चित्रकाराला रडणं ठाऊकच नव्हतं."

"बरं बाबा. गालावरचा निळा. नाकातल्याला रंग कुठला देऊ?"

फोन अजून चालूच होता. आतून ताई किंचाळली, "हिरवा सांग, शेंबड्या, हिरवा!"