बादलीतले जादा मासे

पोटात आणखी किती गाळ मावेल, या काळजीनं कित्येक रात्री माझा डोळ्याला डोळा लागलेला नाही. मी कारखान्यामागची दलदल बोलतेय. हो, मुद्दाम बांधलेली. दलदलीनं एवढी काळजी करावी का, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

खड्डा खणून, तळाला जाड प्लास्टिक अंथरून, खडी-वाळू पसरून, वर पाणकणसं लावून मला जन्माला घातलं. भंगाराच्या आवारातलं पावसाचं पाणी तेल, गंज, जस्त घेऊन माझ्याकडे येतं. घाण मी पोटात ठेवते, निवळलेलं पाणी ओढ्यात सोडते. त्या ओढ्यावर वस्ती पाणी भरते. ओढ्याआधी एक टाकं आहे, त्यात मासे. मासे पोहतायत म्हणजे माझं नीट चाललंय, असा इथला हिशेब.

पण पोट भरलं की उपसावं लागतं. माझी देखभाल करणाऱ्या बाईंनी कारखान्याच्या साहेबांना सांगून पाहिलं.

"हिरवीगार दिसतेय की! तुमचं आपलं काहीतरीच."

मलाही वाटलं, असेल बाई, माझंच काहीतरी चुकत असेल.

मग पाऊस कोसळला. काळं पाणी माझ्या डोक्यावरून तसंच पुढे गेलं. सकाळी टाक्यात मासे उलटे तरंगत होते आणि मला पाहण्यासाठी आलेले पाहुणे फाटकाशी होते.

"मासे बदला," साहेब म्हणाले. "पाणी नंतर बघू."

त्यासाठी बादलीत जादा मासे ठेवलेलेच असतात. बाईंनी मेलेले काढले, जिवंत सोडले. घरी सांभाळायला कुणी नाही म्हणून लेक सोबत होती.

"आई, हेपण मरतील ना?"

"गप गं. पाहुणे जाईपर्यंत काही होत नाही."

पाहुण्यांनी मासे बघून टाळ्या वाजवल्या. माझ्यासोबत फोटो काढले. मीही वेडी, जरा ताठ उभी राहिले.

गाडी वळली आणि पहिला मासा कुशीवर झाला. बाई ओढ्याकडे बघत राहिल्या; संध्याकाळी त्यांनाही तिथूनच पाणी भरायचं होतं.

मला उपसा हो, एवढंच मागणं. ते जमत नसेल तर निदान हिरवीगार म्हणू नका.

लेक टाक्यावर वाकली. आता ही रडेल, आणि तिच्याकडे बघून तरी बाई पुन्हा साहेबांकडे जातील, असं मला वाटलं.

"आई," ती म्हणाली, "बादलीत अजून आहेत. आणू?"