दसऱ्याचा रंग

भोजराजने व्हॅन बिरसी विमानतळाच्या अलीकडे बांधाकडेला लावली आणि मागच्या चाकाशी उकिडवा बसला.

"कायले थांबवली?" आत कापणीला निघालेल्या सहा बाया होत्या, त्यांतल्या धुरपताबाईंनी विचारले.

"हवा पाहून राहिलो, काकी."

हवा ठीकच होती. त्याने पहिल्या नटाला बोट लावले. नट फिरला. दुसराही फिरला. चार दिवसांपूर्वी, दसऱ्याला लावलेल्या पिवळ्या रंगाचा पापुद्रा नटाखालून सुटून आला. त्यावर हळदीकुंकवाचे बोट अजून ठसठशीत होते.

मागच्या वर्षीही असाच जाड रंग होता. पंक्चरवाला केवलराम चाक बसवताना म्हणाला होता, "रंग खरवडू दे. रंगावर नट बसत नाही, रंग दबला का नट ढिला होते." पूजा झालेले चाक भोजराजने खरवडू दिले नाही. "मंग वीस किलोमीटर चालवून आण. पुन्हा कसून देतो," केवलराम म्हणाला. भोजराजला तेवढीही सवड झाली नाही. तिसऱ्या दिवशी चाक निघाले, व्हॅन नालीत गेली आणि धुरपताबाईंचे मनगट मोडले. भोजराजने भर चौकात ओरडून सांगितले, नट केवलरामने ढिले सोडले. मग केवलरामकडे कोणी चाक नेईना. आता त्याचे दुकान बंद आहे, तो चौकात भावाच्या पानठेल्यावर बसतो. भोजराज तिथून जाताना आरशातच पाहत असतो.

यंदा रंग लावू नये, असे त्याला फार वाटले होते. पण चाके कोरी दिसली असती, तर कोणीतरी 'यंदा रंग काऊन नाही?' विचारलेच असते. म्हणून त्याने चाके काढून रंग लावला आणि वाटेत गुपचूप नट तपासायचे ठरवले. वर्षभर खोटे सांभाळले की माणूस असा शहाणा होतो.

त्याने जॅक लावला, नट काढले आणि पेचकसाने रंग खरवडायला घेतला. सहाही बाया विळे घेऊन खाली उतरल्या. धुरपताबाई त्याच्या मागे येऊन उभ्या राहिल्या. वाकडे जुळलेले मनगट त्यांनी दुसऱ्या हातात धरले होते.

"यंदा कोणं कसले होते?"

कोणाचेही नाव घेता आले असते. जिभेवर एक आलेही.

"म्या," भोजराज म्हणाला. मान वर करायची त्याला लाज वाटली. "मागच्या वर्षी केवलरामनं बरोबर कसले होते. रंग खरवडतो म्हणे, म्याच नाही म्हणलं. पुन्हा दाखवाले ये म्हणे, म्या गेलो नाही."

वरून शिकाऊ विमान घरघरत गेले.

"दवाखान्यात आला होता तो," धुरपताबाई हळूच म्हणाल्या. "हेच सांगून राहिला होता. म्या त्याले खोटा म्हणून हाकललं."

भोजराजने नट हाताने बसवले, व्हॅन खाली घेतली आणि एक सोडून एक असे पाचही कसले. मग बाकीची चाकेही तशीच केली. पाना ठेवताना तो पुटपुटला, "संध्याकाळी जातो त्याच्या घरी."

"संध्याकाळी कायले? त्याले बदनाम केलं तवा भर दुपार होती. चौकात होतो सारे."

"तुमची रोजी बुडन, काकी."

"बुडू दे. मलेही त्याच्यासंग बोलाचं हाय."

त्या आधी चढल्या. मग एकेक करून बाकीच्या चढल्या. भोजराजने व्हॅन गावाकडे वळवली.

चौकाच्या तोंडाशी पानठेला दिसू लागला, तसा त्याने ब्रेक मारला. पाना घेऊन तो खाली उतरला आणि सगळ्यांच्या देखत एकेक नट पुन्हा कसू लागला.

"काय झालं गा?" कोणीतरी हटकले.

या वेळी त्याने हवेचे नाव काढले नाही. "केवलराम खरं सांगत होता, त्याच्या सांगण्यानं पुन्हा कसून राहिलो," तो पानठेल्यापर्यंत ऐकू जाईल असे म्हणाला.