आधी तू घे

वुलान इंडोनेशियाहून जपानला आली ती म्हाताऱ्यांची सेवा करायला, आणि धूत बसली त्यांच्या चादरी. वृद्धाश्रमाच्या ओगिनोबाईंनी तोंडावर सांगितलं होतं, "तुझं जपानी कच्चं, आणि म्हातारी माणसं पुटपुटतात. कुठे दुखतंय, कधी तहान लागलीय, तुला झटकन कळायला हवं. शनिवारी शेवटचं बघते. नाही जमलं तर परतीचं तिकीट."

म्हणून वुलानने चित्रांची कार्डं केली. नव्या वर्षाला जपानात घरोघरी खेळतात तोच खेळ. त्सुनेओआजोबांनी शब्द वाचायचा, बाकीच्यांनी त्या चित्रावर झडप घालायची.

पण झडप घालणार कोण? "इताई!" आजोबा ओरडले. दुखऱ्या गुडघ्याच्या चित्राकडे सगळे हात निघाले आणि अर्ध्यात थबकले.

"आधी तू घे, पोरी."

"छे छे, पाहुणीचा मान!"

असं करत सगळी कार्डं वुलानपुढे आली आणि डोक्यात मात्र एक शब्द शिरला नाही. एवढ्या गोड माणसांवर चिडायचं तरी कसं? तिला रडूच यायला लागलं.

शेवटी किनुयोआजी भडकल्या. "खेळताय की सांत्वनाला बसलाय? आम्ही बहिणी खेळायचो तेव्हा हातांवर ओरखडे उठायचे! लाडाने कुणी शिकलंय का कधी?" आणि पुढच्या शब्दाला त्यांचा सुरकुतलेला हात असा आदळला, की चहाचे पेले हलले.

त्यानंतर दयामाया नव्हती. वुलान हरायची, चिडायची, चादरी वाळत घालताना शब्द घोकायची. गुरुवारी तहानेचं कार्ड तिने आजींच्या बोटांखालून ओढलं.

"चोरटी!" आजी म्हणाल्या. खूश दिसत होत्या.

शनिवारी ओगिनोबाई दाराशी उभ्या राहिल्या. कार्डामागून कार्ड आजींनी नेलं. बाईंनी घड्याळ पाहिलं. संपलं सगळं, वुलानला वाटलं.

तेवढ्यात कुणीतरी हळूच पुटपुटलं, "सेनाका... कायुई..."

सगळी डोकी कार्डांवर वाकली. "अहो, हे मी वाचलंच नाही!" त्सुनेओआजोबा गडबडले. ओगिनोबाईसुद्धा वाकून चित्र शोधू लागल्या. वुलानने मात्र कार्डांकडे पाहिलंच नाही. ती उठली, किनुयोआजींच्या मागे गेली आणि स्वेटरखाली हात घालून त्यांची पाठ खाजवू लागली.

"इथे?"

"वर. डावीकडे. हां, तिथेच गं बाई!"

ओगिनोबाई सावकाश सरळ झाल्या. "उद्यापासून चादरी दुसरं कुणी धुवेल," त्या म्हणाल्या. वुलानचे डोळे भरून आले.

आजोबांनी पुढचा शब्द वाचला. आजींचा हात फाडकन कार्डावर पडला.

"अहो आजी, मी तुमची पाठ खाजवतेय!"

"मग खाजव की! आधी तू घे म्हणणाऱ्यांतली मी नव्हे."