टॉवेलचा आजार

हॉलमध्ये मुंगीला शिरायला जागा नव्हती. खुर्च्या भरल्या, सतरंज्या भरल्या, मग लोक खिडक्यांच्या कट्ट्यांवर चढून बसले, तरी दारातून माणसं आत येतच होती. समोर स्टेजवर एक टेबल, टेबलावर काचेचं मोठं वाडगं, वाडग्यात नितळ पाणी आणि पाण्यामागे खुर्चीत पाणीबाबा.

बाबांना दाढी नव्हती, जटा नव्हत्या. कडक इस्त्रीचा शर्ट, सोनेरी काड्यांचा चष्मा आणि कॉलरला माइक. आजकाल बाबांनाही काळाप्रमाणे चालावं लागतं.

"विज्ञान माझा धाकटा भाऊ आहे," बाबा सांगत होते. "तो जिथं दमतो, तिथून मी चालायला लागतो. डॉक्टर रक्त तपासतो सुईनं. मी तपासतो पाण्यानं. सुई चुकेल, पाणी चुकणार नाही!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. धाकटा भाऊ नेमका कुठं दमला, ते कुणी विचारलं नाही.

मागच्या रांगेत एक बाई सहा वर्षांच्या मुलीला खांद्यावर टाकून उभी होती. पोरीच्या डोक्यावर केस नव्हते, लोकरीची टोपी होती. तोंडाला मास्क. पोर गाढ झोपली होती. जागी असती तर ती इथं एक मिनिट टिकली नसती, कारण ती हवालदार होती. म्हणजे आईनं तिचं नावच हवालदार ठेवलं होतं. रक्ताचा कॅन्सर झाल्यावर दवाखान्यातल्या नर्सनं तिला शिकवलं होतं, तुला कुणीही हात लावण्याआधी हात धुवायचे, दुसऱ्याचा टॉवेल वापरायचा नाही, गर्दीत जायचं नाही. या छोट्या बाईसाहेबांनी हे नियम असे काही मनावर घेतले की तपासायला आलेल्या मोठ्या डॉक्टरीणबाईंनाही त्या बेसिनकडे बोट दाखवून परत पाठवत.

आणि त्याच हवालदाराला आईनं झोपेत गर्दीत आणलं होतं. आईलाही ते समजत होतं. पण करणार काय? सोमवारी पोरीला दाखल करायचं होतं. आधी कडक औषधं देऊन तिच्या हाडांतला रक्त बनवणारा आजारी मगज पार पुसून टाकायचा, मग आईच्या पेशी तिच्या शरीरात सोडायच्या. एकदा पुसायला सुरुवात झाली की मागं फिरणं नाही. 

"अगं, उभी का? बस इथं," शेजारच्या म्हाताऱ्या बाई सरकून म्हणाल्या. "जेवलीस का?"

आईच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. असं कुणी शेवटचं कधी विचारलं होतं, तिला आठवेना. पूर्वी ती एका कंपनीत लोकांच्या फोनवरच्या तक्रारी ऐकायची. दिवसभर कान किटायचे. आता नोकरी सुटली, नवरा जहाजावर, दवाखान्यासमोरच्या भाड्याच्या खोलीत ती आणि पोर. संसर्ग नको म्हणून लोक यायचे थांबले, मग काय बोलावं ते सुचेना म्हणून फोन करायचेही थांबले. मोठी नणंद तेवढी फोन करायची. ती खोलीवर येत नसे, पण बाबांच्या माणसांना पोरीची सगळी हकिकत सांगून नंबर तिनंच लावून दिला होता.

पुकारा झाला. आई पोरीला घेऊन स्टेजवर गेली. बाबांनी आधी स्वतःचा हात पाण्यात बुडवला. पाणी होतं तसंच राहिलं. मग सेवेकऱ्यानं तबकातून एक ओला पांढरा टॉवेल उचलला, पोरीचे दोन्ही तळवे अगदी भक्तिभावानं पुसले आणि झोपेतच तिचा हात वाडग्यात बुडवला.

पाणी लालभडक झालं. 

"विष!" बाबा गरजले. "निघतंय! पुन्हा शुक्रवारी आणा. ज्या दिवशी पाणी नितळ राहील, त्या दिवशी पोर मोकळी. मग कसला मगज आणि कसलं काय!"

खाली उतरताना किती हात तिच्या पाठीवरून फिरले! "होईल बरी," "आम्ही आहोत ना." त्या संध्याकाळी खोलीवर परतल्यावर आईला भिंती आणखीच जवळ आल्यासारख्या वाटल्या. खोलीत दोन कॉट, एक शेगडी, खिडकीतून दवाखान्याची करडी भिंत. बाबांवर तिचा पुरता विश्वास बसला होता असं नाही. पण तिथं माणसं होती, आणि इथं नळाचं ठिबकणं ऐकत बसायचं.

शुक्रवारी सकाळी रक्ताचा रिपोर्ट आला. डॉक्टरीणबाई गोड बोलणाऱ्यांतल्या नव्हत्या. "आजारी पेशी आटोक्यात आहेत, गेलेल्या नाहीत. म्हणूनच सोमवार चुकवायचा नाही. तुमच्या सगळ्या तपासण्या उत्तम आहेत, तुमच्या पेशी चालतील." मग त्यांनी चष्मा काढला. "पण पेशी काढताना तुम्ही दिवसभर मशीनला जोडलेल्या असाल. तेव्हा हिच्याजवळ कोण बसणार?"

 आईकडे सांगायला नावच नव्हतं. खोटं नाव सांगायचं म्हटलं तरी सुचलं नसतं.

दुपारी ती पुन्हा हॉलमध्ये होती. या खेपेला नणंद पहिल्या रांगेत बसली होती आणि हवालदार टक्क जागा होता, "गर्दीत का आणलंस?" म्हणून आईला दटावत.

सेवेकरी टॉवेल घेऊन पुढं आला.

"थांबा!" पोरीनं दोन्ही हात पाठीमागं लपवले. "हात धुतले?"

बाबांच्या कॉलरच्या माइकनं तो प्रश्न अख्ख्या हॉलला ऐकवला. लोक हसले.

"बाळ, हा पवित्र टॉवेल आहे."

"कुणाकुणाला पुसला?"

सेवेकरी बाबांकडे बघायला लागला. आई शरमेनं अर्धी झाली. "अगं, एकदाच पुसू दे ना गं, माझी राणी."

"दुसऱ्याचा टॉवेल नाही म्हणजे नाही! तूच सांगतेस ना!"

पोर भोकाड पसरणार, हे आईनं ओळखलं. तिनं पर्समधून सॅनिटायझर काढून पोरीच्या हातावर ओतलं. पोरीनं बोटांच्या बेचक्यांपर्यंत नीट चोळलं, हात हलवून वाळवले, आणि मग ऐटीत हात पाण्यात बुडवला.

पाणी नितळ स्वच्छ. रंगाचा ठिपकासुद्धा नाही.

क्षणभर बाबांचा चेहरा उतरला. पण माणूस मुरलेला. लगेच दोन्ही हात उंच करून ते उभे राहिले. "संपलं! दुसऱ्याच खेपेला विष संपलं! सोमवारी दवाखान्याची पायरी चढायची नाही!"

हॉल डोक्यावर घेतला लोकांनी. नणंद रडायला लागली.  बरी झाली? माझी पोर बरी झाली? सकाळचा रिपोर्ट, ती औषधं, ते पुसून टाकणं, सगळं क्षणात दूर गेलं. त्या क्षणी ती किती सुखात होती, ते सांगताना माझाच जीव वरखाली होतो.

"आता आईलाही आशीर्वाद!" बाबा खुशीत म्हणाले. सेवेकरी भोळा म्हणा की सवयीचा गुलाम म्हणा, त्यानं हातातल्या टॉवेलनं आईचे तळवे पुसले आणि पाण्यात बुडवले.

पाणी लालभडक!

"अरेरे!" बाबांनी तीही संधी सोडली नाही. "दोष इथं आहे! आईत! आणि हे रक्त पोरीला देणार होतात?"

 मागच्या खेपेला पाठीवरून फिरलेले हात आता मागं सरले.  माझ्यात विष? आणि मग, इतक्या दिवसांत पहिल्यांदा, तिचं डोकं चालायला लागलं. तिची प्रत्येक तपासणी झाली होती. नखापासून केसापर्यंत काही शिल्लक ठेवलं नव्हतं त्या लोकांनी. मी धडधाकट, तर पाणी लाल. सकाळी जिच्या रक्तात आजार सापडला ती पोर, तर पाणी नितळ. हे कसलं पाणी?

"आई," हवालदार कडक आवाजात म्हणाला, "तू त्यांचा टॉवेल घेतलास. मी नाही घेतला."

आईनं पोरीकडे पाहिलं. मग टॉवेलकडे.

"बाबा," ती म्हणाली, "तुमचेही हात पुसा की याच टॉवेलनं."

"मला गरज नाही. मी शुद्ध आहे."

"मग भीती कसली? पुसा!"

"श्रद्धा नसेल तर खाली उतरा!"

ती उतरली नाही. सेवेकऱ्याजवळच्या भरलेल्या तांब्यातून तिनं बाजूच्या रिकाम्या वाडग्यात स्वच्छ पाणी ओतलं, त्याच्या हातातून टॉवेल ओढून घेतला आणि तो अख्खा आत टाकला.

पाणी असं लालभडक पेटलं की मागच्या खिडकीतल्या माणसालाही दिसलं.

"बघा हो बघा!" आई ओरडली, आणि तिचा आवाज फाटला. "या टॉवेलला काय झालंय? याला कॅन्सर आहे का? याला कधी दाखल करायचं?"

आधी कुणीतरी फिसकन हसलं. मग हसू रांगेरांगेतून पसरत गेलं आणि मग ते हसू राहिलं नाही. ज्यांनी बाबांच्या शब्दावर आपापली औषधं बंद केली होती, ते लोक उठून उभे राहिले होते. बाबा माइक काढायला विसरले, त्यामुळे "मागच्या दारानं चल" हे त्यांचं शेवटचं प्रवचनही सगळ्यांनी ऐकलं.

आईनं तांब्यातलं उरलेलं पाणी पोरीच्या बाटलीत भरून नेलं. डॉक्टरीणबाई आधी कडाडल्या. "गर्दीत नेलंत? या पोरीला?" त्यांनी ताप मोजला, छाती तपासली, आणि ताप नाही म्हटल्यावरच खुर्चीत टेकल्या. मग त्यांनी बाटलीतल्या पाण्यात धुण्याच्या सोड्याची चिमूट टाकली. पाणी लाल झालं.

"फिनॉल्फ्थॅलिन. शाळेच्या प्रयोगशाळेत असतं. साध्या पाण्यात दिसत नाही, सोडा लागला की लालगुलाबी होतं. टॉवेल सोड्याच्या पाण्यात भिजवलेला. पुढच्या खेपेला नुसत्या पाण्यातला टॉवेल आणायचा, की झाला रोगी बरा."

"आणि तुम्ही?" आईनं विचारलं. "तुमच्यानं ही नक्की बरी होईल?"

"नक्की नाही सांगत. चांगली शक्यता आहे. जे मला माहीत नाही ते मी सांगत नाही. बाबांत आणि माझ्यात तेवढाच फरक आहे."

आईला रडू आलं. पण या उत्तरावर पाय रोवून उभं राहता येत होतं.

दाराशी नणंद उभी होती. खाली मान घालून. "मला वाटलं, मी काहीतरी करतेय तुमच्यासाठी," ती पुटपुटली.

"ताई, मी बाबांसाठी नाही गेले तिथं," आई म्हणाली. "तिथं एका बाईनं मला जेवलीस का विचारलं, म्हणून दुसऱ्यांदा गेले. तुम्ही का नाही आलात हो कधी खोलीवर?"

"भीती वाटायची. माझ्यामुळे पोरीला काही झालं तर?"

आता जे सांगायचं ते सरळ सांगतो. तुमच्या ओळखीत असं आजारी लेकरू असेल, तर त्याच्या आईला कुठल्या बाबाचा पत्ता देऊ नका. कुणी चमत्कार दाखवलाच, तर तोच टॉवेल त्याच्याही हाताला पुसून बघा. आणि मनापासून काही करावंसं वाटलं, तर डॉक्टरांना विचारा, रक्त द्या, हात धुवा आणि तिचं दार वाजवा. तुम्ही दार वाजवलं नाहीत, तर ते एखादा बाबा वाजवतो.

सोमवारी पोरीला काचेच्या दाराच्या खोलीत दाखल केलं. नर्सनं विचारलं, "आई मशीनवर असताना जवळ कोण?"

"मी. आत्या," नणंद म्हणाली आणि बाह्या सारून बेसिनशी उभी राहिली. तिनं साबण लावला, चोळला, धुतला आणि हात पुढं करून दाखवले.

काचेपलीकडून हवालदारानं बारकाईनं तपासणी केली आणि मान हलवली.

"नखं राहिली, आत्या. परत."

आत्यानं पुन्हा साबण उचलला.