बारमाही वस्ती

कातकरीवाडीतल्या पायलच्या हातचं पत्र दिनानाथांना पाठ झालं होतं, पण उत्तर काही गेलं नव्हतं. अक्षर पायलचं, बोल तिच्या आईचे, काशीचे. 'सर, वाडी रिकामी आहे असं सर्व्हेवाल्यांनी लिहिलं. आता घरकुलं आणि नळ दुसरीकडे जाणार. आम्ही इथलेच, बारमाही राहणारे, हे बाहेरच्या शिकलेल्या माणसानं लिहून द्यावं असं कचेरीतले म्हणतात. गुरुवारच्या सुनावणीआधी कागद थेट कचेरीत पाठवा. आम्ही भट्टीवर आहोत, सुटी मिळत नाही.'

आज सोमवार. उत्तर आज पोस्टात टाकलं तरच वेळेत पोचणार होतं.

अंबरनाथच्या कारखान्यात कारकुनी करून दिनानाथ शिरगावात स्थायिक झाले होते. पावसाळ्यात दर रविवारी गोष्टीच्या पुस्तकांची पिशवी घेऊन ते चिखलोलीकडच्या कातकरीवाडीवर जात. मुलं वाचत, हे कोपऱ्यात बसून ऐकत. दिवाळीनंतर मात्र कुडाची दारं काथ्यानं बांधलेली, चुली गार. माणसं वीटभट्टीवर गेलेली असत. म्हणूनच 'कुटुंबे येथे बारमाही राहतात' या वाक्यापाशी त्यांचं पेन अडत होतं. ते खरं नव्हतं. आणि खरं काय, ते धड मांडायला आपल्याला जमेल असंही त्यांना वाटत नव्हतं.

बेल वाजली. त्यांच्या पत्नी वृंदाबाईंनी दार उघडलं. हरिचंद्र शेठ आत आला. वाडीखालची जमीन त्याची, वीटभट्टी त्याची, उन्हाळ्यात दिनानाथांच्या बिल्डिंगला येणारा पाण्याचा टँकरही त्याचाच.

"काका, वाडीसाठी कागद करताव म्हणं?"

"अजून... ठरलं नाही."

"ठरवूच नका. चिखलोलीला स्टेशन येतंय, जमिनीला भाव येनार. आन् ती लोकं तिथं ऱ्हातात तरी कवा? साहेबानं विचारलं, माघात वाडीवर कोनाला बघितलंत, तर काय सांगाल? इतकी पुस्तकं वाचून खोटं लिवाल?"

नेमकं दुखऱ्या जागी बोट पडलं. दिनानाथांनी मान खाली घातली.

वृंदाबाई चहा घेऊन आल्या. "काकी," हरिचंद्र हसून म्हणाला, "मार्चपासून पानी कोनाचं पिता?"

"तुमचंच की."

"मंग झालं."

काम फत्ते झालं असं वाटून तो सोफ्यावर सैलावला. बशीत चहा ओतत म्हणाला, "बारमाही म्हनं! दिवाळी झाली की माझाच ट्रक लागतो वाडीवर. उचल दिलेली असते ना. कोंबड्यांसकट बिऱ्हाडं भरतो. पाऊस लागायच्या आत परत सोडतो. आमच्या बापापास्नं असंच चाललंय."

"परत कुठं सोडता?" दिनानाथांनी विचारलं.

"कुठं म्हंजे? त्यांच्या घरी."

दिनानाथांचा कप ओठांपर्यंत गेला नाही. तो खाली ठेवून ते उठले, टेबलाशी बसले आणि लिहू लागले. हरिचंद्रच्या बशीचा आवाज थांबला.

"काय लिवताव?"

दिनानाथांनी वाचून दाखवलं. "ही कुटुंबे बारमाही येथे नसतात. दिवाळीनंतर ती श्री. हरिचंद्र यांच्या वीटभट्टीवर मजुरीला जातात आणि पावसाआधी येथे, आपल्या घरी, परततात. पिढ्यान्‌पिढ्या हाच क्रम आहे. सर्वेक्षण नेमके ते मजुरीवर असताना झाले."

"माझं नाव घातलंत?"

"तुम्ही सांगितलं तेच लिहिलंय. चुकलं असेल तर सांगा, दुरुस्त करतो."

हरिचंद्र हात पुढे करून म्हणाला, "द्या इकडं. कचेरीकडंच चाललोय. देतो टाकून."

पुढे आलेल्या हाताला नाही म्हणणं दिनानाथांना जन्मात जमलं नव्हतं. पाकिटाला डिंक लावताना बोटं चिकटली, पत्ता वाकडा आला. हरिचंद्रचा हात तसाच पुढे होता.

"नको," ते म्हणाले. "मला पोस्टाची पावती हवी."

"उन्हाळा लांब नाय, काका."

टँकर थांबला तर सगळी बिल्डिंग आपल्या दारात येईल, हे दिनानाथांना दिसत होतं. त्यांनी वृंदाबाईंकडे पाहिलं. त्या रिकाम्या कपबशा गोळा करत होत्या.

"जायचं तर आत्ता जा," त्या वर न बघता म्हणाल्या. "जेवणाच्या सुटीत पोस्टाची खिडकी बंद करतात."

रस्त्यानं हरिचंद्रची गाडी बराच वेळ त्यांच्या मागून हळूहळू येत राहिली. दिनानाथांनी वळून पाहिलं नाही. पाहिलं असतं तर पाय थांबले असते. पोस्टात रांग होती. खिडकीतल्या बाईंनी पाकीट काट्यावर ठेवलं, शिक्का मारला, पावती दिनानाथांपुढे सरकवली आणि पाकीट मागच्या गोणीत टाकलं.